आवळ्याएवढा गूळ

दशरथ मिस्त्रींनी गूळ टाकला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवाछपवी त्यांनी महिनाभर पुष्कळ केली, त्यात आपली भर कशाला?

आणि टाकला तो काही वाईट बुद्धीने नव्हे. मुलीच्या कामाचा पहिला दिवस होता. जयपूरबाहेर कानोता गावाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मयूरी काँक्रीटचे ठोकळे ओतणार होती. जयपूरच्या आसपास संगमरवर कापायचे एवढे कारखाने, की त्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या गाळाचं करायचं काय, हे कुणालाच उमजत नाही. टँकरच्या टँकर माळावर नेऊन ओततात. तो वाळतो, उडतो, लोकांच्या नाकातोंडात जातो. मयूरी एका लहानशा प्रयोगशाळेत इंजिनियर. तिने दोन वर्षं डोकं खपवून असं मिश्रण बसवलं होतं, ज्यात निम्म्या वाळूच्या जागी हा गाळ जायचा. नदीची वाळूही वाचते आणि माळावरचा गाळही मार्गी लागतो. एका गावच्या शाळेची कुंपणभिंत या मालाच्या ब्लॉकची बांधायची की नाही, हे ठरवायला समिती नेमलेली होती. समितीसाठी नमुन्याचे नऊ ठोकळे ओतायचे. तीन सातव्या दिवशी मशीनखाली फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि तीन राखून ठेवायचे. ठोकळे पास झाले तर भिंत, नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

मिस्त्री मूळचे भुसावळचे. रेल्वेत जुन्या दगडी मोऱ्यांची आणि कमानींची डागडुजी करण्यात त्यांचा जन्म गेला. बदली होत होत जयपूरला आले, आणि पोरीचं कॉलेज इथलं म्हणून रिटायर झाल्यावर शहरातल्या दुर्गापुऱ्यातच राहिले. चुन्याचं काम जाणणारा शेवटचा माणूस, अशी त्यांची ख्याती होती, निदान त्यांच्या स्वतःच्या मनात तरी. चुन्यात गुळाचं पाणी घातलं की जोड असा धरतो की पहारीने सुटत नाही, हे त्यांचं दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं. दूधवाला बिचारा "हाँ बाऊजी" म्हणून सायकलवर टांग टाकायचा.

त्या सकाळी त्यांच्या बायकोने, कलावतीबाईंनी, डब्यात गूळ-खोबरं भरून दिलं. "नव्या कामाला कोरड्या तोंडाने हात लावू नये. सगळ्यांना द्या. त्या पवनजींनाही द्या." पवनजी म्हणजे शेडमध्ये मिक्सर चालवणारा पन्नाशीचा, मितभाषी माणूस. मिस्त्रींनी शेडवर जाऊन सगळ्यांना दिलं. डब्यात काही खडे उरले.

मयूरी फाटकाशी टँकरवाल्याशी बोलत होती. पवनजी सिमेंटचं पोतं आणायला गेले होते. आणि समोर बादलीत मोजून ठेवलेलं पाणी होतं. "बाबा, त्या पाण्याला हात लावायचा नाही हं, मतलब एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे नको," असं मयूरी बजावून गेली होती. मिस्त्रींनी विचार केला, थेंब कुठे हलवतोय मी? उलट घालतोय. शुभाचं शुभ, मजबुतीची मजबुती. त्यांनी एक खडा बादलीत सोडला, हाताने ढवळला, हात धोतराला पुसला आणि खुर्चीत येऊन असे बसले, जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी साचे उघडायचे होते. पवनजींनी एक पाना फिरवला आणि थबकले. मयूरीने वरच्या अंगाला अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

आता काँक्रीट चोवीस तासांत एवढं तरी आवळतं की अंगठा बाहेर राहतो. पोरीने तो खळगा पाहिला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "असं कसं? लॅबमध्ये हेच मिश्रण सहा वेळा केलंय. सहाही वेळा व्यवस्थित बसलं," ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. पवनजींनी पोत्यावरची तारीख वाचली, पाणी कुठल्या टाकीचं ते सांगितलं, वजनकाटा तपासला. मिस्त्री खुर्चीत आखडून बसले होते. कुठे माशी शिंकली हे सगळे शोधत होते, आणि माशीला गुळाचा वास आधी लागतो हे मिस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. पण चुन्याला गूळ मानवतो, मग सिमेंटला का नाही मानवणार? दोन्ही शेवटी दगडच भाजून केलेले. त्यांना काही समजेना.

तिसऱ्या दिवशी ठोकळे जेमतेम साच्यातून निघाले. सातव्या दिवशी तीन मशीनखाली गेले. मशीनच्या पडद्यावर आकडा चढायला लागला. तेरापर्यंत जायला हवा होता, तो पाच-सहावर आला आणि ठोकळा भाकरीसारखा फुटला. दुसरा तसाच, तिसराही तसाच.

मयूरी त्या संध्याकाळी जेवली नाही. तिने एक कारण शोधून काढलं होतं, आणि मिस्त्री जेवत असताना तिने ते सांगितलं. गाळ लवकर तळाशी बसावा म्हणून काही कारखाने त्यात एक औषध टाकतात. नव्या टँकरमधल्या गाळात ते जास्त असणार, म्हणून सिमेंट बसलं नाही. "म्हणजे बाबा, माझी चूकच मुळात इथे आहे. गाळ एका जातीचा येतच नाही. आज या कारखान्याचा, उद्या त्या. अशा मालाची भिंत कशी बांधायची? शाळेची भिंत आहे ती. मुलं टेकतात, चढतात. मी समितीला लिहून देते की हा गाळ बांधकामाच्या लायकीचा नाही."

"अगं, एवढी घाई कशाला?" मिस्त्री म्हणाले.

"मग अजून काय कारण असेल? तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात पोळीचा घास कोंबला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, यांच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. सांगावं तर कशाच्या जोरावर? गुळाने झालं हे नक्की कुठे होतं? त्यांचा आयुष्यभराचा अनुभव म्हणत होता की गूळ ताकद देतो. आणि समजा सांगितलं आणि गुळाचा दोषच नसला, तर फुकटची नामुष्की. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी खात्री करू, मग बोलू. अहो, माणूस एकदा टाळायला बसला की त्याला कारणं काय कमी पडतात?

दुसऱ्या दिवशी कलावतीबाई भाजीला गेल्या तशा मिस्त्रींनी मांडणीतल्या तीन वाट्या काढल्या. गॅलरीत ओटा दुरुस्तीतून उरलेलं सिमेंट होतं. पहिल्या वाटीत सिमेंट आणि नुसतं पाणी. दुसऱ्या वाटीत सिमेंट, पाणी आणि गुळाची चिमूट. तिसऱ्या वाटीला काय करावं ते सुचेना, तेव्हा गुळाने चिकट झालेलं बोटच त्यांनी पाण्यात फिरवलं. तिन्ही वाट्या पिंपामागे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली वाटी दगड झाली होती. दुसरी मऊ. तिसरीही मऊ. मिस्त्रींचं अवसान गळालं. म्हणजे गूळच! पण तीन दिवसांनी पाहतात तर तिसरी वाटी घट्ट झालेली. पंधरवड्याने त्यांनी खिळ्याने ओरखडून पाहिलं, तर पहिल्या वाटीवर ओरखडा खोल उमटला आणि तिसरीवर खिळा नुसताच सरकला. दुसरी वाटी मात्र अजून चिखल ती चिखलच. एकाच ढेपेचा गूळ, एकच सिमेंट, एकाच नळाचं पाणी! एका वाटीत गुळाने घात केला, एकीत कमाल केली. मिस्त्री गॅलरीत उकिडवे बसून तिन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. भांबावलेच ते. गुळाची जात पाहावी, तर जात एकच. मुहूर्त पाहावा, तर तिन्ही वाट्या एकाच घटकेला कालवलेल्या. मग फरक आला कुठून?

"माझ्या वाट्या!" मागून कलावतीबाईंचा आवाज आला.

त्यांच्यापासून काही लपवणं शक्य नव्हतं. बाईंनी वाटी उचलली, वास घेतला, दुसरी वाटी उचलली, पुन्हा वास घेतला. मग नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं.

"मला वाटलं होतं मी माणसाशी लग्न केलं," त्या म्हणाल्या. "निघाला गुळाचा गणपती! पोर रोज उपाशी झोपतेय आणि तुम्ही इथे वाट्या मांडून भातुकली खेळताय?"

"अगं पण तिसरी वाटी बघ ना. पहिलीपेक्षा कडक आहे. मग दोष म्हणावा की गुण?"

"ते मयूरीला ठरवू द्या. ती शिकलीय त्यातलं."

"नक्की झालं की सांगतो."

"आणि ती लिहून देईल तेव्हा?"

मिस्त्रींनी बोटांवर दिवस मोजले. लिहून द्यायला अजून चार-पाच दिवस होते. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत समितीच्या प्रतिमा मॅडम स्वतः हजर राहणार होत्या. तेव्हा उरलेले ठोकळे फुटतील, आणि गूळ चांगला की वाईट हे एकदाचं ठरेल, अशी मिस्त्रींनी मनाची समजूत घातली. तिसऱ्या वाटीवर त्यांची आशा टांगलेली होती. ठोकळे जर तिसऱ्या वाटीसारखे निघाले, तर आपण अभिमानाने सांगू, अगं हा तुझ्या बापाचा गूळ. आणि दुसऱ्या वाटीसारखे निघाले तर? त्याचा विचार त्यांनी केलाच नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी पवनजी टेंपोत ठोकळे घेऊन आले. मिस्त्रीही त्याच टेंपोत बसून आले, न बोलावता. प्रतिमा मॅडम पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पेन उघडंच. मयूरीच्या फाइलमध्ये पत्र तयार होतं. पहिली ओळ मिस्त्रींनी लांबूनच वाचली. सदर गाळ बांधकामास अयोग्य असल्याचे आढळले आहे, अशा अर्थाचं हिंदीत काहीतरी होतं.

पहिला ठोकळा मशीनखाली गेला. पाच, आठ, बारा. मयूरीने मान खाली घातली होती. पंधरा, वीस. तिने मान वर केली. वीस हवे होते भिंतीला. तेवीस, पंचवीस, सत्तावीस, आणि मग कुठे तो फुटला. दुसरा अठ्ठावीस. तिसरा सत्तावीस. लॅबमध्ये सहा वेळा जे केलं त्यात कधी चोवीसच्या वर आकडा गेला नव्हता.

"मशीन बिघडलंय का?" मयूरी म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती नुसती गोंधळून गेली होती. मशीनची तपासणी गेल्याच आठवड्यात झाली होती.

मिस्त्रींची छाती मात्र फुगली. अठ्ठावीस! तिसरी वाटी! ते खुर्चीतून अर्धे उठले होते, तोंडावर हसू होतं, आणि एवढ्यात प्रतिमा मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"सातव्या दिवशी मेलेला, अठ्ठाविसाव्या दिवशी पहिलवान," त्या हिंदीत म्हणाल्या. "मयूरी बेटा, मी काय लिहू? असा माल ज्याच्याबद्दल सांगताच येत नाही, तो कमजोर मालापेक्षा वाईट. कमजोर माल निदान फसवत तरी नाही. तुमचं पत्रच बरोबर आहे. गाळ भरवशाचा नाही. द्या ते इकडे, सही करते."

मयूरीने पत्र पुढे केलं. त्या एका कागदाने दोन वर्षं वाया चालली होती, आणि तिला अजूनही कळलं नव्हतं की का.

"गाळाचा काही दोष नाही," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अर्धवट उभे असलेले मिस्त्री आता पुरते उभे राहिले. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. "मी गूळ टाकला होता. पाण्यात. पहिल्या दिवशी."

मग मयूरी हळूच म्हणाली, "काय टाकलंत?"

"गूळ. चुन्यात घालतात ना. मला वाटलं, तुझं काम..."

"बाबा!" ती ओरडली. "साखरेने सिमेंट बसत नाही! पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे! महिनाभर मी वेड्यासारखी गाळ धुतेय, वाळवतेय, कारखान्यांना फोन करतेय. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून पोळी खात होतात?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की सुटकेचं, तिचं तिलाच कळत नसावं.

"पण मग हा अठ्ठावीस कसा आला?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

प्रतिमा मॅडमनी चष्मा वर सरकवला. आता त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं. त्यांनी समजावलं, की साखर जरा जास्त झाली तर सिमेंट बसतच नाही. अगदी थोडी असली तर उशिरा बसतं आणि पुढे कधीकधी जास्त कडकही होतं. सगळा खेळ मापाचा. "तुम्ही किती टाकलात, बाऊजी?"

"एक खडा. आवळ्याएवढा."

"ग्रॅममध्ये?"

"ग्रॅम कशाला लागतात?" मिस्त्री जरा दुखावून म्हणाले. "हाताला ठाऊक असतं. जन्मभर असंच घातलंय. माझा हात चुकत नाही."

पवनजींनी आपला जेवणाचा डबा उघडला. बाजरीच्या रोटीबरोबर गुळाचा मोठा तुकडा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. मयूरीने छोटा काटा जवळ ओढला. "घ्या, बाबा. तेवढाच तोडा. बघू."

मिस्त्रींनी खडा तोडला, तळहातावर हेलकावला, हाताला पटला तसा काट्यावर ठेवला. सतरा ग्रॅम. ते जरा ताठ झाले.

"परत तोडा," मयूरी म्हणाली.

दुसरा खडा तोडला. तसाच हेलकावला. पहिल्याएवढाच वाटला त्यांना, अगदी तेवढाच. काट्याने एकतीस दाखवले.

मिस्त्रींनी काट्याकडे संशयाने पाहिलं. न सांगता तिसरा तोडला. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ तळहातावर धरून, मग ठेवला. बावीस.

"एकतीस टाकले असतेत तर हे ठोकळे आजही मऊ असते," प्रतिमा मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वर काही टोचून बोलण्याचा नव्हता. त्यांनी मयूरीचं पत्र दुमडून तिच्या हातात परत दिलं. हे नऊ ठोकळे बाद. गाळावर ठपका नाही. गुळाशिवाय नवे नऊ ठोकळे ओतायचे, आणखी अठ्ठावीस दिवस थांबायचं, मग समिती पुन्हा बसेल. मयूरीने दोन वेळा "थँक यू" म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणता म्हणता खुर्चीत बसली. पवनजी ठोकळ्यांचे तुकडे गोळा करायला लागले. मॅडम निघून गेल्या.

मिस्त्री अजून टेबलाशीच उभे होते. तीन खडे त्यांच्यासमोर होते. त्यांनी एक उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. हाताला तिन्ही सारखेच लागत होते.

"मयूरी," ते म्हणाले, "मग त्या मोऱ्या? त्या कमानी? एवढी वर्षं मी जे घातलं, तेही असंच असेल का गं? कधी सतरा, कधी एकतीस?"

पोरीने वडिलांकडे पाहिलं. राग अजून होता तिच्या तोंडावर, पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. खोटं बोलणं तिला सोपं होतं. चुन्याचं गणित वेगळं असतं, तिथे थोडं इकडे तिकडे चालतं, असं काहीतरी बोलता आलं असतं, आणि ते निम्मं खरंही होतं.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. कुणीतरी आपल्याला सरळ उत्तर दिलं याचं त्यांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं हेही त्यांना समजेना. त्यांनी काट्यावरचा खडा काढून ठेवला. काट्यावर गुळाचा भुगा राहिला होता, आणि आकडा एकवर अडकला होता. त्यांनी धोतराच्या सोग्याने भुगा पुसला, तरी आकडा हलेना.

"हे शून्यावर कसं आणायचं?" त्यांनी विचारलं. "दाखव मला."

मयूरी उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कुठलं बटण दाबायचं ते तिने दाखवलं.